सोबतीचा घास

साक्षी खरातने सगळ्यात आधी सोडलं ते दूध. लोक सहसा मटण-मच्छीपासून सुरुवात करतात आणि दुधापाशी येऊन अडतात. हिचं उलटं झालं, आणि तेही एका दुपारी पाहिलेल्या गोष्टीमुळे.

मीरा रोडला जनावरांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. केसपेपर काढायचे, फोन घ्यायचे, कुत्र्यामांजरांना आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या मालकांना शांत करायचं. त्या दिवशी कंपाउंडर आला नव्हता आणि डॉक्टर इशितांना घोडबंदरच्या बाजूला एका तबेल्यात आजारी म्हैस बघायला जायचं होतं. "चल गं, बॅग धरायला तरी," म्हणत त्यांनी साक्षीला गाडीत बसवलं.

डॉक्टर म्हशीला सुई देत होत्या तेव्हा साक्षीचं लक्ष पलीकडच्या दुसऱ्या म्हशीकडे गेलं. ती आपल्या पारडाला चाटत होती. चाटायची, थांबायची, पुन्हा चाटायची, आणि तेवढ्यात गवळी खाली बसून धार काढत होता. पारडू जागचं हलत नव्हतं. साक्षी जवळ गेली. पारडाला डोळे नव्हते. पायांच्या जागी बांबूच्या काठ्या होत्या आणि पोटाची शिवण उसवून आतला पेंढा बाहेर आला होता.

"मर गया इसका बच्चा," गवळी सहज म्हणाला. "सामने खड़ा करो तो दूध देती है, नहीं तो लात मारती है."

घरी आल्यावर आईने चहा पुढे केला. साक्षीने कप तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी मोरीत ओतला.

पेणकरपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांचं वन रूम किचन होतं. वडील वाल्मिक शाळेच्या बसवर ड्रायव्हर, आई वैजयंता घरी. दोघं लग्नानंतर परभणीकडून इकडे आलेले. मुलीने दूध सोडलं हे ऐकून वाल्मिक हसला. "बरं झालं. गावाकडं आम्हाला तरी कुठं मिळत होतं दूध!"

मग अंडी गेली. मग चिकन. एका झटक्यात काही गेलं नाही. दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक तिने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच चिडून बसली. स्टेशनबाहेरच्या गाडीवर भुर्जीच्या वासाने एकदा पाय थांबले, आणि ती खाऊनच पुढे गेली. पण महिन्यागणिक एकेक गोष्ट मागे पडत गेली. सगळ्यात शेवटी राहिली ती सुकट. उत्तनची डेल्फिन मावशी टोपली घेऊन दारावर यायची. तिच्याकडून आई सुका जवळा घ्यायची, तव्यावर भाजायची, आणि लसूण-मिरची घालून अशी चटणी करायची की साक्षी लहानपणी नुसती चमच्याने खायची. ती सोडायला तिला वर्ष लागलं. सोडली त्या दिवशी ती रडली, आणि आपण सुकटीसाठी रडतोय म्हणून तिला हसूही आलं.

तोवर वाल्मिकचं हसणं थांबलं होतं. समोरच्या दारातल्या हंसाबेनना साक्षीचं कळलं आणि त्या कौतुकाने दारात येऊन म्हणाल्या, "अरे वाह बेटा! अब तो तू एकदम अपने जैसी हो गई."

वाल्मिक आत बनियनवर बसला होता. त्या गेल्या तसा तो उठला.

"ऐकलंस? त्यांच्यासारखी झालीस तू."

"पप्पा, ते लोक दूध पितात. तूप खातात. मी ते पण खात नाही. माझा आणि त्यांचा काय संबंध?"

"संबंध मला विचार. तू शाळेत होतीस. मी फ्लॅट बघायला गेलतो. टोकन घेऊन गेलतो, हातात पेढे होते. तिथला माणूस म्हणला, नॉनव्हेज खाता का? मी खोटं बोललो न्हाई. खालच्या खाली माघारी पाठवलं मला. माझ्या बापानं मेलेल्या ढोराचं मटण सोडलं ते बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून, मान वर करून जगायला सोडलं. तू कुणासाठी सोडायलीस?"

"म्हशीसाठी," साक्षी म्हणाली. ते खरंच होतं, पण बोलल्यावर तिला स्वतःलाच ते फार लहान वाटलं.

"म्हशीसाठी," वाल्मिक म्हणाला, आणि त्या दिवसापासून तिच्या ताटाकडे बघेनासा झाला.

घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. बाप-लेक एकमेकांसमोर जेवायला बसत नव्हते. साक्षी ओट्यापाशी उभ्याने डाळभात उरकायची. अशी ती उभी असताना एकदा वैजयंता ताट घेऊन तिच्याशेजारी आली. ताटात साक्षीचंच जेवण होतं.

"अगं, तुझं कालवण आहे ना तिकडे?"

"असू दे. तू एकटीनं जेवायलीस, मला बघवंना."

आधी वाटलं, एका दिवसाची गोष्ट आहे. पण वैजयंता रोजच तिच्याबरोबर बसू लागली. मग तिने चहातलं दूध बंद केलं. मग मटण. साक्षी एक-दोनदा म्हणाली, "आई, माझ्यासाठी नको करूस," पण तोंडदेखलं. आतून ती हरखली होती. आपण कुणाला काही पटवून न देता, भांडण न करता, आपली आई आपल्या बाजूला येऊन बसली! तिने शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध केलं आणि चहात घातलं. वैजयंताने एक घोट घेऊन असं तोंड केलं की दोघी हसून हसून खाली बसल्या. टोफूला ती "तुझं ते रबर" म्हणायची. मोड आलेल्या मटकीची, करडईच्या भाजीची, कारळाच्या चटणीची गावाकडची सगळी विसरलेली चव तिने पुन्हा काढली. "हे तर आमचं रोजचंच होतं," ती म्हणायची. "मटण कधी सणाला."

साक्षीला वाटायचं, आयुष्यातले आपले सगळ्यात चांगले दिवस हेच असणार.

वैजयंता बारीक झाली. ब्लाउज सैल झाले, तिने मशीनवर बसून आत घेतले. साक्षी म्हणाली, "आई, तू तर मुलगी दिसायला लागलीस," तर ती लाजली. कधी कधी ती अर्धं जेवण बाजूला सारायची, पोटावर हात ठेवून बसायची. साक्षीला वाटलं, कडधान्यं जास्त होतायत, सवय नाही. ती ओवा द्यायची, हिंग घालायची, उसळीऐवजी मुगाचं वरण करायची.

डेल्फिन मावशी मच्छी विकायला आली तेव्हा दारातच थबकली. "काय गो वैजू, हाडां वर आली तुजी! घासपाला खाऊन मानूस जगते काय? जगत न्हाय."

"मावशी, हत्ती काय खातो?" साक्षीने आतून विचारलं.

"हत्तीन हाय काय तुजी आई?" डेल्फिन म्हणाली, आणि तिघी हसल्या. पुढे साक्षीला तो दिवस आठवला की ते हसू तिच्या कानात घुमत राहायचं.

वाल्मिकलाही बायकोची तब्येत दिसत होती. "अंडं दे तिला रोज एक," तो भिंतीकडे बघत बोलायचा. "येईल जागेवर सगळं." म्हणजे जे साक्षीला चांगलं वाटत होतं तेच त्याला वाईट वाटत होतं, पण कारण दोघांनी एकच धरलं होतं. तिसरं काही असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

गणपतीच्या सुमारास वैजयंताला पाणीही टिकेना. उलटीत काळपट काहीतरी पडलं. वाल्मिकने बसची फेरी सोडली, दोघांनी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. दुर्बीण घातली, स्कॅन झाले. पोटातला कॅन्सर होता, आणि तो यकृतापर्यंत गेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"उन्हाळ्यापासून," साक्षी म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

"आम्हाला वाटलं... जेवण बदललं होतं तिचं. दूध, मटण सगळं बंद केलं होतं. त्यामुळे असेल असं वाटलं."

डॉक्टर स्वभावाने बरे होते. "हे बघा, जेवणामुळे हे झालेलं नाही. तसं मनात आणू नका," ते म्हणाले. "फक्त..." आणि पुढचं वाक्य न बोलता ते गोळ्या लिहायला लागले.

वाल्मिक तिच्या मागेच उभा होता. घरी आल्यावर त्याने परभणीला बहिणीला फोन लावला आणि साक्षीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरीनं उपाशी ठेवलं तिला."

किमो झेपेल अशी अंगात ताकद नव्हती. अंडी द्या, सूप द्या, दुधात पावडर घालून द्या, असं हॉस्पिटलात सांगितलं. साक्षीने सुट्टी घेतली. भाईंदरच्या मार्केटमधून पाये आणले, धुतले, कुकरला लावले. तो वास घरभर झाला तेव्हा तिने ओढणी नाकाला लावली नाही. एवढं तरी आपण करायलाच पाहिजे, असं तिला वाटलं. अंडं उकडून सोललं, मीठ लावलं आणि आईच्या तोंडापाशी धरलं.

वैजयंताने मान फिरवली.

"आई, एक घास."

"तू घे आधी. तू घेतल्याबिगर मला जाईना."

साक्षीने तिच्याकडे पाहिलं. हट्ट नव्हता तो, लहान मुलासारखी एक अट होती. साक्षीने अर्धं अंडं तोंडात घातलं. पिवळ्या बलकाचा कोरडा लगदा टाळूला चिकटला, पाण्याच्या घोटाबरोबर खाली गेला. मग वैजयंताने आपला अर्धा भाग खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघींनी पायाचं सूप घेतलं. मग दूध. जे सोडायला साक्षीला दोन वर्षं लागली होती ते सगळं आठवड्याभरात परत आलं, आणि तिला त्याचं दुःखही झालं नाही. आई खातेय एवढंच ती बघत होती.

चार घास गेले तेवढेच. मग तेही बंद झाले.

एका सकाळी वाल्मिक कामावर गेल्यावर वैजयंताने तिला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"तुझे पप्पा काहीबाही बोलायलेत, मला ऐकू येतंय. तुझ्यामुळं न्हाई झालं गं हे."

"डॉक्टर पण म्हणाले."

"डॉक्टरांचं सोड. मला आधीपासून दुखत होतं. दूध घेतलं की दुखायचं, मटण घेतलं की कळ यायची. म्हणून तर सोडलं मी."

साक्षी तिचे पाय चेपत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्यासंगट जेवलं की बरं पडायचं. कमी खाल्लं तरी कुणी काही विचारायचं न्हाई. सगळ्यांना वाटायचं, लेकीचं बघून करायली."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"सांगणार होते. पण तू लई खुश होतीस. तुला सोबत मिळाली म्हणून. मी म्हणलं, राहू दे थोडे दिवस."

आई आपल्याला दोषातून सोडवायला हे सांगतेय, हे साक्षीला कळत होतं. पण सुटका कसली? आई आपल्या बाजूला येऊन बसली होती, हे एकच तिच्याजवळ उरलं होतं, आणि आता तेही उरलं नाही. ओट्यापाशी दोघी हसत होत्या तेव्हा आई पोटातली कळ दाबत होती. तिने आईचे पाय पुन्हा चेपायला घेतले, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

डिसेंबरात वैजयंता गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडची माणसं आली. जेवणं झाल्यावर आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीच्या नादानं गेली बिचारी. काय ते पाला खायचं खूळ!" साक्षीला राहवलं नाही.

"पप्पा, आईला आधीपासून दुखत होतं. तिनेच सांगितलं मला. लपवत होती ती."

वाल्मिकने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"आता तिच्यावर ढकल," तो म्हणाला. "ती काय उठून सांगणार हाय."

त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

दवाखान्यात ती परत जाऊ लागली. एकदा डॉक्टर इशितांनी तबेल्याचं काम निघालं म्हणून हाक मारली तर तिने नको म्हणून सांगितलं. पुन्हा सगळं सोडून बघावं, असं तिने मध्यंतरी ठरवलं. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी मटकी भिजत घालायला डबा काढला आणि ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. डबा परत फडताळात गेला. आता समोर येईल ते ती खाते. आवडत नाही आणि नावडतही नाही.

रविवारी वाल्मिक मटण आणतो. स्वतःच करतो, तिखटजाळ करतो, आणि दोन ताटं घेतो. साक्षी समोर बसते आणि जेवते. तिने पुन्हा मटण खायला सुरुवात केली हे बघून त्याला काय वाटतं, ते त्याच्या तोंडावर कधी दिसत नाही.

"मीठ बरोबर हाय?" मागच्या रविवारी त्याने विचारलं.

"हो."

आठवडाभरात दोघांमध्ये झालेलं बोलणं तेवढंच. मग तिने ताटं उचलली, मोरीत नेली, आणि रस्सा वाळायच्या आत घासायला बसली.