असॉल्टचा दुसरा अर्थ

असॉल्ट ही नोंद माझ्या टेबलावर आली तेव्हा त्या शब्दाशी माझं काही वाकडं नव्हतं. आमच्या कोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत लिहितात आणि सुरुवातीची अक्षरं माझ्या वाट्याला आहेत. व्युत्पत्ती सरळ निघाली. लॅटिनमध्ये उडी घेणं अशा अर्थाचं क्रियापद आहे. त्याला 'कडे' सांगणारा उपसर्ग चिकटला आणि शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. अंगावर उडी घेणं, अचानक तुटून पडणं. कोलांटीला सॉमरसॉल्ट म्हणतात तो याच घराण्यातला, आणि आपण येता-जाता वापरतो तो इन्सल्टही. पहिला अर्थ हल्ला, चढाई. दुसरा कायद्यातला: हात लागलाच पाहिजे असं नाही, आता लागेल अशी भीती घातली तरी पुरे. या दुसऱ्या अर्थाशेजारी आमच्या मुख्य संपादकांनी, सरांनी, लाल पेन्सिलीने 'उत्तम' लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात विक्रीच्या साहेबांनी माझ्या धाकट्या जावेला गोदामात गाठलं.

धाकटी आमच्याकडे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करते. नोकरी मीच लावून दिलेली. जुन्या आवृत्तीची प्रत आणायला ती गोदामात गेली, तो मागून आला आणि त्याने आतून कडी लावली. महिनाभर ती त्याच्या गाडीतून घरी जायला नाही म्हणत होती, त्याचा हिशोब त्याला तिथे चुकता करायचा होता. हात उगारून म्हणाला, "ओरडलीस तर बघ." तिने शेजारची गठ्ठ्यांची चळत त्याच्या पायांवर लोटली आणि कडी काढून बाहेर आली. संध्याकाळी तिने विश्वस्त मंडळाच्या नावाने तक्रार लिहिली: माझ्यावर हल्ला झाला.

तक्रार सरांच्या हातून पुढे जाते. आणि साहेब सरांचे जावई.

सरांनी मला बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बाई, तुम्ही शांत, देवाधर्माच्या. तुमचं ती ऐकेल. हल्ला तेवढा काढायला सांगा. वादावादी लिहू दे. त्यांनी बोटसुद्धा लावलेलं नाही हो."

मी "बघते" म्हणाले आणि बाहेर आले. माझा आवाज चढत नाही, कधीच चढला नाही. कुणाचं वाईट चिंतणार नाही असं मी रोज सकाळी देवापुढे बोलते. त्या दिवशी जिना उतरेपर्यंत मी त्या माणसाचं बरंच काही चिंतलं, आणि तळमजल्यावर पोचले तरी मला पश्चात्ताप होईना.

घरी दीर, धाकटीचा नवरा, तेच घेऊन बसले होते. "वहिनी, बोभाटा कशाला? दार बंद झालं, उघडलं, विषय संपला."

धाकटी ताटं पुसत होती. "उघडलं नाही. मी उघडलं."

"तेच ते."

"तेच नाही." तिने ताट ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हीही शब्द बदल म्हणणार असाल तर आत्ताच सांगा. उद्यापासून मी वेगळ्या बसने जाईन."

"मी काही म्हटलंय का?"

"नाही ना. तुम्ही कधी काही म्हणतच नाही."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

शनिवारी आमच्याकडे वाचन असतं. प्रत्येकाने आपली नोंद सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची. उदाहरणाचं वाक्य मनाने घडवलेलं चालत नाही. ते कुणीतरी खरोखर बोललेलं असावं लागतं आणि विचारलं तर कोण, कुठे, हे सांगावं लागतं. हा नियम सरांचाच, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान.

मी उभी राहिले. व्युत्पत्ती वाचली, पहिला अर्थ वाचला. दुसरा वाचला तेव्हा सरांनी मान डोलावली. मग मी उदाहरण वाचलं: "त्याने आतून कडी लावली, हात उगारला आणि म्हणाला, ओरडलीस तर बघ."

विक्रीचे साहेब मागच्या रांगेत होते. ते फोनकडे बघायला लागले.

"कोण बोललं हे?" एका नव्या मदतनीस मुलीने विचारलं. त्या बिचारीला नियम तेवढा माहीत होता.

"माझी जाऊ. आपल्याच गोदामाबद्दल."

सर म्हणाले, "बाई, हे उदाहरण इथे बसत नाही."

"अर्थाला बसतं की नाही एवढंच सांगा, सर."

"प्रश्न तो नाही."

"मग अर्थ खोडा. तुम्ही उत्तम लिहिलंय तेही खोडा. मी थांबते."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि उदाहरणावर आडवी रेघ मारली. अर्थाला हात लावला नाही. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मलाही तुमच्याकडून नव्हती. तक्रार द्या. तुम्ही पाठवणार नसाल तर आम्ही पोचवतो."

त्यांनी ती खणातून काढली. चार घड्या घातलेली. मी सगळ्यांसमोर ती टेबलावर हाताने सरळ केली. हल्ला हा शब्द जागेवर होता. धाकटीच्या सहीखाली मी सही केली, दाराजवळ बसलेली धाकटी उठली आणि आम्ही दोघी निघालो. साहेब म्हणाले, "वहिनी, गैरसमज—" मी त्यांची वहिनी कधी झाले कोण जाणे.

फाटकाबाहेर दीर स्कूटर घेऊन उभे. कुणीतरी फोन केला असणार.

"वहिनी, घराच्या नावाचा तरी विचार करा."

"घराचं नाव मी सांभाळते, भाऊजी. तुम्ही स्कूटर सांभाळा. हिला मंडळाच्या कचेरीत सोडणार असाल तर सोडा, मी मागून चालत येते."

ते जागचे हलले नाहीत. धाकटीने मागच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीही चालतेच," ती म्हणाली.