गुरुवारची हलकी बशी

दर गुरुवारी दुपारी चिनीमातीची एक रिकामी बशी तीन मिलिग्रॅमने हलकी भरत असे. शुक्रवारी तिचे वजन पुन्हा पूर्वीइतके होई.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत राहतो. माझी पितळी दांडी अकीक दगडाच्या धारेवर तोललेली आहे. ती धार ज्याने घासली, त्या कारागिराने काम संपल्यावर माझ्या पारड्यात पापणीचा एक केस ठेवला. काटा हलला. त्याने खूश होऊन पेटीवर इंग्रजी पट्टी ठोकली: ‘सेन्सिटिव्ह’. त्या शब्दाचा मला फार वर्षे अभिमान होता.

तीस वर्षे पाहुण्यांना आधी मलाच दाखवत. मग बशीचे हे प्रकरण उद्भवले आणि माझ्या पेटीला ‘भंगार’ अशी चिठ्ठी बांधली गेली. शनिवारपर्यंत कारण सापडले नाही, तर मला उचलून नेणार होते.

“तराजू म्हातारा झाला, बाई,” वजने करणारे काका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना म्हणाले. “माझ्यासारखाच.”

“काका, तुम्ही फक्त गुरुवारीच म्हातारे होता का?”

बाईंनी पट्टीवरची धूळ पुसली.

“इथे सेन्सिटिव्ह लिहिलंय, सेन्सिबल नाही. दोन्ही शब्द दिसायला सख्खी भावंडं, पण स्वभाव निराळे. जरा काही झालं की ज्याला जाणवतं, तो सेन्सिटिव्ह. जाणवल्यावर काय करावं हे ज्याला कळतं, तो सेन्सिबल.”

“म्हणजे आमचे जावई पहिले आणि मुलगी दुसरी.”

“तराजू तुमच्या जावयांच्या पंगतीतला. त्याला काहीतरी जाणवतंय. काय, ते आपण शोधायचं.”

गुरुवारी बाई सकाळपासून स्टुलावर बसून नुसत्या पाहत राहिल्या. बशी ओव्हनमधून काढून झाकणाच्या कोरड्या बरणीत निववायची आणि मग तोलायची, असा नियम होता. काका घड्याळ पाहत नसत. बशी चिमट्याने उचलून पालथ्या हाताजवळ धरीत आणि म्हणत, “निवली.” त्या दिवशीही तसेच म्हणाले. पण त्याआधी तासभर ते मोठ्या भट्टीसमोर उभे होते. भट्टी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, पेटत असे.

“काका, आज घड्याळ लावून चाळीस मिनिटं थांबू या.”

“माझा हात कधी चुकलाय, बाई?” त्यांचा चेहरा उतरला होता.

“चुकला असं कुठे म्हणतेय? थांबू या, एवढंच.”

ती चाळीस मिनिटे माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. मग बशी माझ्या पारड्यात आली आणि काटा शुक्रवारच्या जागी स्थिरावला. काकांनी वजन दोनदा वाचले. स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्याने हसले. “अहो, हासुद्धा जावईच निघाला!”

चिठ्ठी त्यांनी स्वतः सोडली. बरणीशेजारी आता एक गजराचे घड्याळ असते.

मित्रांनो, एखादी वस्तू विचित्र वागू लागली, तर तिला टाकून देण्यापूर्वी तिला काय जाणवते आहे ते पाहा. माझ्या नोंदवहीत काकांच्या अक्षरात एवढेच आहे: “भट्टीमुळे माझा हात तापलेला असे, म्हणून गरम बशी गार वाटे. गरम बशीभोवतीची हवा वर चढते आणि पारडे किंचित उचलते. तराजू निर्दोष.”