निळ्या बासनातला ग्रंथ

निळं बासन सोडलं आणि शपथभाऊंच्या पायाखालची जमीन सरकली.

आत धर्मग्रंथ नव्हताच. आत होती पाणीपुरवठा खात्याची जाडजूड पुस्तिका, 'पाण्याचे पंप : जोडणी, देखभाल व दुरुस्ती'. पहिल्याच पानावर पंपाची आकृती, आणि त्याच्या पोटातल्या नळ्यांना क, ख, ग अशी नावं दिलेली. शपथभाऊंनी पुस्तिका मिटली, चष्मा पुसला, पुन्हा उघडली. पंप जागच्या जागी होता.

बावीस वर्षं ते या कोर्टात साक्षीदारांना शपथ देत होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचा धर्म विचारायचा, कपाटातून त्याच्या धर्माचं बासन काढायचं, त्याचा हात त्यावर ठेवायचा आणि त्याच्याकडून शब्द वदवून घ्यायचे. पाच धर्म, पाच रंगांची पाच बासनं. बाकीची चार त्यांनी वेळोवेळी उघडली होती, धूळ झटकली होती. निळं कधीच नाही, कारण निळं त्यांच्या स्वतःच्या धर्माचं. आधीच्या म्हाताऱ्या कारकुनानं ते हातात देताना बजावलं होतं, "याला उघडायचं तर अंग स्वच्छ लागतं आणि मन त्याहून स्वच्छ." अंगाचं जमलं असतं. मनाची खात्री शपथभाऊंना एकाही सकाळी वाटली नाही. आता नव्या न्यायाधीशबाईंनी प्रत्येक ग्रंथाचं छपाईचं साल मागितलं, म्हणून बिचारे दोनदा आंघोळ करून आले होते, आणि साल निघालं ते पंपाचं.

अठरा वर्षांपूर्वी कोर्ट जुन्या इमारतीतून इकडे आलं तेव्हाच घोळ झाला असणार. तिथं पाणीपुरवठा खातं शेजारीच होतं, तेव्हा अजून नोकरीत असलेल्या म्हाताऱ्यानं घाईघाईत सगळं बांधलं, आणि खरा ग्रंथ कदाचित आजही एखाद्या पंपघरात कुणा फिटरच्या हाताशी पडला असेल. अठरा वर्षं! या पंपावर हात ठेवून किती माणसं थरथरली, किती जणांनी पोटच्या पोराविरुद्ध खरं सांगितलं, किती जण त्या शब्दांवर तुरुंगात गेले.

आणि मग त्यांना ताई आठवली.

देवाच्या आणि माणसाच्या कराराचा शपथभाऊंना भारी नाद. व्हरांड्यात ताटकळणाऱ्या साक्षीदारांना ते हळूच विचारत, तुमच्यात कसं ठरलंय? कुणी सांगे, महापुरानंतर देवानं आकाशात इंद्रधनुष्य टांगून शब्द दिला, की पुन्हा असं बुडवणार नाही. कुणी सांगे, जन्माच्याही आधी सगळ्या जिवांना विचारलं होतं, तुमचा मालक मीच ना, आणि सगळे हो म्हणाले होते. आता आठवत नाही एवढंच. कुणी म्हणे, आमच्या करारासाठी रक्त त्यानंच सांडलं. कुणी म्हणे, आपण त्याला धरून राहायचं, पोटापाण्याचं तो बघतो. ऐकून ऐकून शपथभाऊंचं मत पक्कं झालं होतं, की कुठंही जा, दोन बाजू आहेत, अटी आहेत, आणि मोडणाऱ्याची धडगत नाही.

मोडणारी त्यांच्या घरातच होती. अकरा वर्षांपूर्वी ताईच्या नवऱ्यानं लॉरी चालवताना एका सायकलवाल्याला उडवलं आणि तो न थांबता निघून आला. ताई पिंजऱ्यात उभी राहिली. निळं बासन पुढं केलं ते सख्ख्या धाकट्या भावानंच. त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "त्या संध्याकाळी हे घरीच होते." खोटं आहे हे शपथभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली. नवरा सुटला. चार महिन्यांत ताईची नऊ वर्षांची पोर तापानं गेली, आणि वर्षभरात नवराही घर सोडून गेला.

तेव्हापासून ताई प्रार्थनेला आत जात नसे. उंबऱ्याबाहेर चपलांजवळ उभी राही. "करार मी मोडला, त्यानं वसूल केलं. आता कुठल्या तोंडानं आत जाऊ?" एवढंच म्हणे. आठ दिवसांवर तिथंच शपथभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. भाचीवर अक्षरशः जीव टाकणारी ही बाई त्या दिवशीही फाटकाबाहेरच थांबणार होती. सगळ्यांनी समजावून पाहिलं होतं, पण ती बधली नव्हती.

म्हणजे करार झालाच नव्हता! ताईनं शपथ घेतली होती ती एका पंपाची! शपथभाऊंच्या छातीवरचा दगड उतरला, तिच्याही आणि खरं सांगायचं तर स्वतःच्याही वाट्याचा. त्यांनी पुस्तिका पिशवीत कोंबली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जवळजवळ पळतच निघाले.

ताई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. दुपारची सुट्टी झाली होती, लांबलचक टेबलावर ती एकटीच बसली होती. समोर शर्टांची चळत, मांडीवर बटणांचा डबा.

"तू रे या वेळेला? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. ताई, तू आधी हे बघ." त्यांनी पुस्तिका तिच्यापुढं ठेवली. "त्या दिवशी बासनात हे होतं. ग्रंथ नव्हता गं! अठरा वर्षं कुणी उघडूनच पाहिलं नाही."

ताईनं हात पदराला पुसले. पान उलटलं. पंपाच्या आकृतीवरून बोट फिरवलं, अगदी क, ख, ग सकट.

"चेष्टा करतोस माझी?"

"नाही गं, खरंच. म्हणजे तू शपथ मोडलीच नाहीस. देवाचा संबंधच नव्हता त्यात. त्यानं तुझ्याकडून काहीच वसूल केलं नाही. सुटलीस तू, ताई! लग्नाला आत यायचंस. पहिल्या रांगेत बसायचंस."

ती रडेल, निदान हसेल, असं त्यांना वाटलं होतं. वाटेत त्यांनी तिच्यासाठी स्वच्छ रुमालसुद्धा खिशात घडी करून ठेवला होता. ताईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मांडीवरचा डबा कलंडला, बटणं फरशीभर पसरली, आणि तिचं तिकडं लक्षच गेलं नाही.

"मग माझी पोर का गेली?"

शपथभाऊंनी खिशातला रुमाल पुढं केला.

"सांग ना. कोर्टातला ना तू? देवानं नेली नाही, मी मोडल्याबद्दल नेली नाही. मग का नेली?"

"ताप होता गं. तापानं माणसं..."

"ताप!" ती अशी ओरडली की दारातला पहारेकरी डोकावून गेला. "नुसत्या तापानं? उगाच? अकरा वर्षं मला ठाऊक होतं रे ती का गेली ते. मी दोषी होते, बरं, होते. पण माझ्या पोरीसाठी देव माझ्याशी भांडला होता. तिची किंमत होती त्याच्याकडे. आणि तू पंप घेऊन आलास?"

आपण बहिणीला सोडवायला आलो आणि पोरीला दुसऱ्यांदा मारून बसलो, हे शपथभाऊंना त्या क्षणी स्वच्छ कळलं.

ताईनं त्यांचं मनगट धरलं. काजं करून करून तिची बोटं खरखरीत झाली होती. तिनं त्यांचा तळवा पुस्तिकेवर दाबला, थेट पंपावर.

"म्हण. त्या दिवशी बासनात ग्रंथ होता."

"ताई, अगं..."

"तूच दिली होतीस ना मला शपथ? आता तू घे. म्हण."

हजारो माणसांना शपथ देणाऱ्या त्या माणसानं उभ्या जन्मात स्वतः कधी शपथ घेतली नव्हती. त्यांना आपलेच रोजचे शब्द आठवेनात. ताईची नजर त्यांच्या ओठांवर होती, पाण्यासाठी हात पुढं करावा तशी.

"देवाला साक्षी ठेवून सांगतो," शपथभाऊ म्हणाले, "बासनात ग्रंथ होता. मी स्वतः पाहिला होता."

"आणि पोर?"

आठ दिवसांवर आलेलं लग्न, फाटक, पहिली रांग, सगळं शपथभाऊंच्या डोळ्यांपुढून गेलं.

"पोर त्यानंच नेली, ताई."

तिनं मनगट सोडलं, खाली वाकली आणि एकेक बटण वेचू लागली.