मागून ढकलणारी माणसं

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं आमचं क्रॅब गॅप एका चढावर पोट भरत होतं. कोळशाची गाडी पायथ्याशी आली की तिच्या इंजिनाचा दम संपायचा. मग आमची इंजिनं मागून ढकलायची. ढकलणाऱ्या ड्रायव्हरांत माझा नवरा ऑर्व्हिल सगळ्यात जुना, आणि त्या सगळ्यांना जेवू घालणारी मी.

मग कंपनीने नव्या इंजिनाचं धूड आणलं. बॉयलर एक, खाली चाकांचे संच दोन. पुढचा बिजागरीवर, वळणावर वाकणारा. हे म्हणे एकट्याने गाडी वर नेणार. नेली, तर आमचं काम संपलं. आणि चाचणीला ड्रायव्हर कोण? ऑर्व्हिलच. तो चढ त्याच्याइतका ओळखणारं दुसरं होतं कोण!

"व्हर्ना, समजाव गं त्याला," शेजारची मर्टल म्हणाली. तिचा नवरा ढकलत्या इंजिनावर कोळसा टाकायचा. "चाकांना वाफ जरा जास्त सोडायची. पुढची चाकं जागच्या जागी फिरली की गाडी अडली. कोण बोट दाखवणार?"

सकाळी डबा देताना मी त्याला तेच सांगितलं. "बघू," तो म्हणाला. लग्नाचं विचारलं तेव्हाही एवढंच म्हणाला होता.

दुपारी सगळं गाव रुळांकाठी. धूड दिसायच्या आधी ऐकू आलं. दोन्ही संचांचे हुंकार कधी एकत्र, कधी मागेपुढे. शेवटच्या वळणावर पुढची चाकं एकदम भणाणली. मर्टलने माझा दंड आवळला. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

भणभण तुटली. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा ते हुंकार, संथ, जड, ठाम. धूड समोरून गेलं, मागोमाग डबे. शेवटच्या डब्यामागे कुणी नव्हतं.

"आज उपाशी ठेव त्याला," मर्टल म्हणाली.

मी वाढलं. बीन्स आणि मक्याचा पाव.

"चाकं मुद्दाम घसरवलीस?"

"हो."

"मग सावरलीस कशाला?"

"मी वाफ सोडली गं. पण तो आवाज आला आणि वाफेच्या दांड्यावरचा हात आपोआप मागे आला. ऐकेचना माझं."

"हाताला बायको नसते ना."

तो हसला. "पण व्हर्ना, काय ओढतं ते!" तोंड असं उजळलेलं, की रागवायला मला जागाच सापडेना.

सकाळी मी मर्टलकडे गेले. "खाली जंक्शनला या धुडांसाठी नवी शेड होतेय. माणसं येतील, भुकेली असतील. मी खाणावळ काढतेय. येतेस?"

"ऑर्व्हिलशी एक शब्द बोलणार नाही मी."

"नको बोलूस. बटाटे सोल."