काळ्या केसांचं पाऊल

एल्सीमावशीचं स्मरण झालं की आधी माझा तळहात काळा होतो. पौषातलं दाट धुकं, भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेतली तिची दोन खोल्यांची बैठी जागा, बंद दारामागे लाकडी खुर्ची सरकल्याचा तो एकच दीर्घ, करकरीत स्वर आणि माझ्या मुठीत थंडगार कोळशाचा तुकडा, एवढं सगळं तिच्या चेहऱ्याआधी येतं. चेहरा नंतर येतो, धुक्यातून झाड उमटावं तसा, सावकाश, कडांकडून आत.

चेहरा मात्र विलक्षण होता. कांती आमच्यासारखीच गव्हाळ, डोळे हिवाळी तलावाच्या पाण्यासारखे राखी-हिरवे, आणि तोंडात कामठीची खणखणीत मराठी. तिचा पणजोबा स्कॉटलंडहून पलटणीबरोबर कामठीच्या छावणीत आला आणि तिथल्याच मातीत विसावला. नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा माझ्या आजोबांसारखेच तिचे वडीलही दप्तरांच्या गठ्ठ्यांमागून इथे आले. पुढे माझ्या आईच्या विभागात ती टंकलेखक झाली. स्कॉटलंड तिने कधी पाहिलं नाही. त्या दूरस्थ, पर्जन्यधूसर देशातून तिच्यापर्यंत फक्त दोन गोष्टी पोचल्या होत्या, एक आडनाव आणि एक रीत.

रीत अशी की इंग्रजी वर्षाच्या पहिल्या दिवशी उंबरठा प्रथम ओलांडणारा पुरुष काळ्या केसांचा हवा, आणि त्याच्या हातात कोळसा, मीठ नि पाव हवा. पिवळ्या केसांचा माणूस रिकाम्या हाताने आधी आत आला, तर त्या घरातलं कुणीतरी वर्ष काढत नाही. "समुद्रातून लुटारू यायचे ना, सोनेरी केसांचे," ती सांगायची, "तेव्हाची धास्ती आहे ती." मला मिसरूड फुटल्यापासून हा मान माझा होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून न पेटलेला कोळसा मागून घ्यायचा. तो हसायचा, "ले जाओ भैया, मैडम का साल खोल आओ." मी थाप मारायची, आत खुर्ची सरकायची, मग कडी. माझ्याआधी कुणी आत यायचं नाही, म्हणून तोवर दूधवालाही बाहेर कुडकुडत उभा. मी वेळेवर गेलो तरी तिचं ठरलेलं वाक्य, "काहून रे, उशीर केला?"

मग मी अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत शिरलो. पत्रकं लिहू लागलो. आडवं जाणारं मांजर, विधवेचं तोंड, दारावरचं लिंबू, कशालाच सोडलं नाही. आणि जे गल्लीतल्या बाबाला सुनावतो ते मावशीला सुनावलं नाही तर आपण ढोंगी, असं वाटून वर्षाच्या शेवटच्या दुपारी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. उद्या मी पहाटे येणार नाही."

"हो ना, आहेच," ती शांतपणे म्हणाली. "कोळसा मात्र ओला नको आणू. मागच्या खेपेला ओला होता."

"मी दहाला येईन. सकाळी शाहपुऱ्याच्या तलावावर पत्रकं वाटायची आहेत."

ती हसली नाही. दाराकडे पाहत राहिली, जणू तिकडे कुणी ऐकत होतं. "दहापर्यंत मी बसते ना दाराशी. पण थापेला चेहरा नसते, पोरा."

दुसऱ्या दिवशी तलावाकाठी फिरायला आलेल्या लोकांना मी शकुन-अपशकुनाचा फोलपणा समजावत होतो, तेव्हा तिच्या दारावर थाप पडली. तिने खुर्ची सरकवली, मी आलो असं समजून कडी काढली, आणि धुक्यात गवताच्या रंगाच्या केसांचा एक उंच माणूस उभा होता, रिकाम्या हाताने. पणजोबाच्या स्कॉटलंडमधल्या भावाचा तो वंशज, पूर्वजांच्या शोधात निघालेला. त्याची गाडी पहाटेची होती खरी, पण पौषात ती दुपारआधी कधी भोपाळ गाठत नाही. त्या दिवशी ती वेळेवर आली. त्याचं पत्र तिला आधीच आलं होतं, सोबत फोटो होता, फोटोत केस होते. मला तिने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तिला पत्रकच वाचून दाखवलं असतं.

दहाला गेलो तर दार सताड उघडं. पाहुण्याने पाठीवरच्या पिशवीतून काढलेला वंशवृक्ष पलंगभर पसरला होता, बारीक शाईच्या शेकडो फांद्या. कामठीच्या फांदीवर पणजोबाशेजारची जागा कोरी होती. पणजीचं नाव काय, त्याने अदबीने विचारलं. मावशीने ट्रंकेतून पत्र्याची डबी आणली. आत गुंडाळलेली एक वेणी होती, शतकापलीकडची, आणि तरी इतकी काळी की खोलीतला उजेड तिच्यात बुडाल्यासारखा वाटला. "एवढंच माहीत आहे," मावशी म्हणाली. तो घुटमळला, मग पेन्सिलीने त्या जागी 'अज्ञात' असं लिहिलं.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या उंबरठ्याला काळे केस लागतात, आणि वंशवृक्षाला चालत नाहीत?" मी इंग्रजीत ओरडलो. तो कानापर्यंत लाल झाला. मावशीने माझं मनगट धरलं. तिची बोटं कोळशासारखी गार होती.

"त्याच्यावर काहून भडकतोस बे? तो निदान आला तरी."

पळस फुलायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. वयही ऐंशीपुढचं. योगायोग म्हणजे काय, हे मी ठळक टायपात छापलेलं आहे. तेराव्या-चौदाव्या दिवशी तिच्या नावाने पाहुण्याचं पाकीट आलं. आत त्या फांदीची नवी प्रत होती. 'अज्ञात' खोडून तिथे पक्क्या शाईत लिहिलं होतं, 'काळ्या केसांची स्त्री, कामठी'. ते वाचायला ती नव्हती. मी दोनदा वाचलं.

पुढच्या वर्षाच्या पहिल्या पहाटे इस्त्रीवाल्याने न विचारता कोळसा पुढे केला. तो हसला नाही. तिच्या दाराला कुलूप होतं, कुलपावर दव होतं. आत काहीही उरलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण सामान मीच हलवलं होतं आणि ती खुर्ची आता आमच्या घरात आहे. मी थाप मारली.

आत खुर्ची सरकली.

कोळसा, मीठ, पाव मी उंबरठ्यावर ठेवला. हे मी दर वर्षी करतो. माझा अजूनही विश्वास नाही, पत्रकं मी अजूनही लिहितो. फक्त त्या एका पहाटे उशीर करत नाही. काळ पुढे जातो तो चालणाऱ्यांपुरता. दाराआड जे थांबून राहिलेलं असतं, त्याला आपलं तेव्हाचं न येणं आजही ऐकू येत असतं.