दरसालचं वादळ

आमच्या तिसगावात वैशाखात वादळ येणार, हे ठरलेलंच असतं. त्याआधी दर वर्षी सासूबाई छपरावर बाजरीच्या सरमाडाचा नवा थर घालून घ्यायच्या आणि वरून दोर ताणून त्याला दगड बांधायच्या. दुष्काळाच्या त्या साली नवं सरमाड नव्हतंच. उलट छपरावरचं जुनं आम्ही रोज थोडं थोडं काढून गायीला घालत होतो, कारण माझं दूध आटलं होतं आणि माझी साळू गायीच्याच दुधावर होती.

"आत्याबाई, वारं सुटलं तर?" मी एकदा विचारलं.

"सुटंल तवा बघू. छप्पर काय पोरीला पाजायचंय?" म्हणत सासूबाईंनी आणखी एक पेंढी ओढून काढली.

वारं सुटलं. विरळ झालेलं छप्पर उडालं आणि मातीच्या उघड्या भिंतींवर पाऊस कोसळला. साळूला पोटाशी धरून आम्ही देवळात पळालो. परतलो तेव्हा भिंत गायीवर पडलेली होती.

शेजारच्या भीमाबाई आपल्या पत्र्याच्या घरातून आल्या. "लई मोठं वादळ हुतं, बाई."

"मोठं कशाचं?" सासूबाई म्हणाल्या. "दरसाल येतंय त्येच हाय. तुजा एक पत्रा तरी हालला का?"

मग त्यांनी चिखलातली पेंढी उचलली, झटकली आणि सवयीनं गायीच्या तोंडापुढं ठेवली. साळूची दुधाची वेळ झाली होती. ती गायीकडे हात करत राहिली. मी तिला हळूच वळवून माझ्या कोरड्या छातीशी घेतलं.