पाणी न पिणारा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. बाळाला पुसायचा रुमाल. पोतेरं नाही आणि चष्म्याचं फडकं तर मुळीच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

माझा जन्म बाबांच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टातून झाला. पाकिटातले वाइप्स वापरले की बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे उठत. म्हणून आईने तो शर्ट फाडला, तळहाताहून थोडे मोठे चौकोन कापले आणि दोन-दोन जोडून कडा शिवल्या. मी पाठीच्या कापडाचा, म्हणून सगळ्यांत मऊ. प्रत्येक चौकोन आईने आधी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला, मग मनगटावर, मग पुन्हा गालावर. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरू शकणार नाही.

आमची रीत साधी होती. कोरडं ठेवायचं, कोमट पाण्यात बुडवायचं, पुसायचं, धुवायला टाकायचं. पण छे! बाबा आमच्यातला एक उचलून चष्मा पुसत. मग आईने आमच्या खणावर चिठ्ठी लावली, ‘फक्त बाळासाठी’. बाबांनी ती नीट वाचली. आमच्यापैकीच एकाने चष्मा पुसून!

तरी दिवस चांगले होते. चट्टे गेले. शेजारीण म्हणाली, "घरी शिवलेस? मलाही शिकव ना गं." माझी छाती फुगली.

आणि चट्टे परत आले. आईने साबण बदलला, पाणी गाळून उकळलं, स्वतःच्या जेवणातलं निम्मं बंद केलं. बाळ रात्रंदिवस किरकिर करी. डॉक्टरांनी विचारलं, "घरात नवीन काय आणलंत?"

"काहीच नाही हो!" आई रडवेली झाली.

मी तिच्या पिशवीतच होतो. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. कपाळ बडवून घ्यावं म्हटलं, तर तेही नव्हतं.

झालं होतं असं, की आम्हाला धुण्याचं काम आजीने अंगावर घेतलं होतं. शेवटच्या पाण्यात ती कपडे मऊ करायचं सुवासिक औषध ओतू लागली. आम्ही मऊ झालो, घमघमू लागलो आणि पाणी प्यायचं विसरलो. अंगावर गुळगुळीत थर बसला. आई पुसायची, पण ती नुसतीच फिरवाफिरव. घाण जागच्या जागी राही आणि ते औषध मात्र बाळाच्या कातडीला लागे.

एका दुपारी आईचा धीर सुटला. "जाऊ दे! हे सगळे फेकून देते. पाकीट तर पाकीट." बाळ रडत होतं, म्हणून तिने मला वाटीत बुडवलं. मी बुडलोच नाही. होडीसारखा तरंगत राहिलो. आईने दाबलं, तर पाण्याचे थेंब अंगावरून घरंगळून गेले. तिने मला नाकाशी धरलं आणि तशीच आजीकडे, म्हणजे तिच्या सासूबाईंकडे गेली.

"आई, हे रुमाल कशात धुता तुम्ही?"

"साबणातच. आणि वर झाकणभर ते निळ्या बाटलीतलं. का गं?"

"अहो, मला सांगायचं नाही का!"

"तू कधी विचारलंस? तूच चिठ्ठी लावलीस ना, फक्त बाळासाठी? म्हणून तर खास बाळासाठी घालत होते. आपल्या कपड्यांना थेंबही लावला नाही."

आईने बोलायला तोंड उघडलं. पण आजी बाळाच्या मांड्यांकडे बघत होती. "म्हणजे हे माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"मोठं पातेलं काढा," आई म्हणाली. "उकळू या सगळे."

पातेल्यात आमच्यातून एवढा फेस निघाला, की आजीने तोंडावर हात ठेवला. पाणी नितळ दिसेपर्यंत तिने आम्हाला पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात उकळलं आणि उन्हात टाकलं. आम्ही थोडे खरखरीत झालो, पण पाणी प्यायला लागलो. हळूहळू चट्टे मावळले.

आता माझ्या कडा सुटल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यासारखे रुमाल असतील, तर साधं पाणी द्या, ऊन द्या. सुगंधाचे लाड नकोत. आणि काही बिघडलं, तर आधी एकमेकांना विचारा. बाळाला बोलता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ती सगळी एकाच घरात राहत होती हो!